यादीचं गिऱ्हाईक कसं टिकवायचं: किराणा दुकानासाठी टप्प्याटप्प्याने

महिन्याची यादी देणारी घरं कमी होऊ लागली की बहुतेक दुकानदार आधी सवलत जाहीर करतात. पाच हजारांच्या खरेदीवर किलोभर साखर, कूपन, दारात मोठा फलक. दोन महिने गर्दी दिसते आणि मग जी घरं जायची ती जातातच. यादीत जाड पोहे लिहिले होते, पातळ आले. रव्यात किडे निघाले तेव्हा "आमच्याकडून असं जात नाही" हे ऐकून घ्यावं लागलं. अकराला येतो म्हणालेला मुलगा दोनला आला. अशा गोष्टी साठत जातात आणि त्यानंतर कधीतरी ते घर मोठ्या मार्टमधला भाव बघायला निघतं. दुकानदाराला मात्र फक्त भाव दिसतो.

पुढचा क्रम सुटा आणि पाकीटबंद माल विकणाऱ्या, दोन-तीन कामगार असलेल्या, घरपोच माल देणाऱ्या दुकानासाठी आहे. टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. सवलतीचा टप्पा शेवटी ठेवला आहे. आधीची कामं झाल्याशिवाय तिच्यावर घातलेला पैसा वाया जातो.

## तयारी: आठवडाभराचं काम

घरवही. एक जाड वही घ्या आणि यादी देणाऱ्या प्रत्येक घराला एक पान द्या. पानावर नाव, पत्ता, फोन, माल कोणत्या वेळी हवा आणि त्या घराच्या ठरलेल्या वस्तू. संगणकावर किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये हे करता आलं तर चांगलंच, पण कामगाराला उघडता येणार नाही अशा जागी ही माहिती ठेवू नका. वही साधी असली तरी गल्ल्याजवळ हाताशी असते.

तक्रारवही. ही छोटी आणि वेगळी. तारीख, घर, वस्तू, काय झालं, काय केलं, असे पाच रकाने पुरेत.

काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर वर्षी वैधमापन विभागाकडून (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून) करून घ्यावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. मुदत संपली असेल तर बाकी सगळं थांबवून हे आधी करा. एक किलोचं प्रमाणित वजन जवळ ठेवा आणि रोज सकाळी शटर उघडल्यावर एकदा तोलून बघा. काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने दिसत नसेल तर फिरवा. मधे ठेवलेल्या चॉकलेटच्या बरण्या हलवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

बिल. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. कायद्याचं सोडा, बिलाशिवाय यादीची तक्रार सोडवताच येत नाही. काय गेलं, किती गेलं, कोणत्या भावाने गेलं, सगळं तोंडी राहतं. आणि बिलाच्या तळाशी "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असेल तर ती बिलबुकं बाजूला काढा. का, ते सहाव्या टप्प्यात येईल.

फोन. दुकानाचा स्वतंत्र नंबर हवा. मालकाच्या खासगी फोनवर लग्नाच्या पत्रिका आणि शाळेच्या ग्रुपमधे यादी दडून जाते.

> तपासा: ओळखीच्या एखाद्या घरातून कुणाला तरी नेहमीची यादी फोनवर सांगायला लावा. तुम्ही दुकानात नसताना कामगाराला ती बिनचूक घेता आली का? आली नसेल तर पुढे जाण्याआधी दुसऱ्या टप्प्याची तालीम करा.

## टप्पा १: कोण निसटतंय ते शोधा

नाराज गिऱ्हाईक क्वचितच भांडून जातं. यादी आखूड होत जाते, एवढंच. बहुधा आधी साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर जाते, कारण ती कुठेही तीच मिळते. मग तेलाचा डबा आणि कणीक जाते. डाळ-तांदूळ शेवटपर्यंत टिकतात, कारण तिथे तुमच्या निवडीवर विश्वास असतो. ज्या घराचे डाळ-तांदूळही थांबले आणि मुलगा फक्त पाव न्यायला येतो, ते घर जवळजवळ गेलेलं आहे.

गेल्या सहा महिन्यांची बिलं काढून प्रत्येक घराच्या पानावर महिन्याची रक्कम लिहा. मग तीन खुणा करा: रक्कम स्थिर असलेली घरं, रक्कम उतरलेली पण डाळ-तांदूळ नेणारी घरं, आणि थांबलेली घरं. तुमचं सगळं लक्ष आधी मधल्या गटावर असू द्या. थांबलेल्यांना परत आणणं अवघड आणि वेळखाऊ असतं. मधला गट अजून दारात उभा असतो.

या घरांना फोन करताना "काय काकू, आजकाल येत नाही?" असं विचारू नका. त्यात दोष दिल्याचा सूर येतो आणि काकू "नाही हो, बाहेरगावी होतो" म्हणून मोकळ्या होतात. नेमकं विचारा: "काकू, दोन महिने तेलाचा डबा आपल्याकडून गेला नाही. मागचा डबा बरा नव्हता का?" ठरावीक वस्तूचं नाव घेतलं की खरं कारण बाहेर येण्याची शक्यता वाढते. कारण ऐकलं की तिथेच थांबा. खुलासा देऊ नका, वहीत लिहा, "बरं झालं सांगितलंत" म्हणा. एका दिवसात पाच-सहापेक्षा जास्त फोन नकोत, नाहीतर आवाजात कंटाळा येतो आणि तो ऐकू जातो.

> सावधान: घरवहीतली माहिती शेजारणीला सांगू नका. कोण किती उधार नेतं, कोणाकडे साखरेऐवजी दुसरं काय जातं, हे दुकानाच्या ओट्यावर बोलायचं नसतं. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला सांगणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

## टप्पा २: यादी घेणं

निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं. गिऱ्हाईक "पोहे एक किलो" म्हणतं आणि त्याच्या मनात एक पोहे असतात, तुमच्या फळीवर चार. म्हणून यादी उतरवताना पुढच्या वस्तूंना प्रकार विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही:

- पोहे: जाड, पातळ, मध्यम की भाजके
- रवा: बारीक की जाड
- तांदूळ: कोलम, इंद्रायणी, आंबेमोहर, आणि नवा की जुना
- गूळ: साधा की चिक्कीचा
- खोबरं: वाटी की कीस
- सुकी मिरची: बेडगी, लवंगी, संकेश्वरी; देठासकट की देठ काढलेली
- शेंगदाणे: कच्चे की भाजलेले
- तेल: कोणतं, आणि डबा लिटरचा की किलोचा

शेवटचं विसरू नका. खाद्यतेलाचं एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे साडेतेरा किलो तेल असतं. १५ किलोच्या डब्याशी भावाची तुलना करणारं गिऱ्हाईक तुम्हाला महाग समजतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे लिटरचा डबा घरी नेऊन वजन करतं आणि फसवलं असं समजतं. डबा देतानाच सांगून टाका.

एकदा विचारलेला प्रकार घरवहीत लिहा, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही. "पोहे नेहमीचे जाड ना?" एवढं पुरतं. आपलं घर दुकानाच्या लक्षात आहे ही जाणीव गिऱ्हाइकाला कोणत्याही कूपनापेक्षा जास्त धरून ठेवते, आणि ती मोठ्या मार्टला देता येत नाही.

यादी घेण्याचा क्रम असा ठेवा:

1. यादी पूर्ण ऐका किंवा वाचा. मधे भाव सांगत बसू नका.
2. प्रकार विचारा.
3. नेहमीची पण आज न आलेली वस्तू एकदाच आठवण करून द्या: "चहा पावडर आहे घरात?" एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं की तो आग्रह होतो.
4. पूर्ण यादी वाचून दाखवा, वजनासकट.
5. माल कधी पोहोचेल ते सांगा, आणि अंदाजे रक्कम.

व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो आला तर चौथी पायरी टाळण्याचा मोह होतो. टाळू नका. "५" आणि अर्ध्याची खूण "॥" यांच्यातला गोंधळ, घाईत लिहिलेला पाव किलो, दुमडलेल्या कागदाखाली गेलेली शेवटची ओळ, हे सगळं फोटोत असतं. यादी टाइप करून परत पाठवा आणि गिऱ्हाइकाचं "हो" आल्यावरच माल भरायला घ्या. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं. "यादी आली", "भरली", "पोहोचली" अशी तीन लेबलं ठेवली तर कोणती यादी अडकली आहे ते एका नजरेत कळतं.

## टप्पा ३: माल भरणं

एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. दुकानात दोघेच असाल तरीही. भरणाऱ्याच्या डोळ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण त्याने ती यादी आधीच मनात पूर्ण केलेली असते. तपासणाऱ्याने बिल हातात घेऊन एकेक पुडी पिशवीत टाकायची आणि बिलावर खूण करायची.

सुट्या मालाच्या प्रत्येक पुडीवर नाव आणि वजन लिहा. तांदळाचं पीठ आणि मैदा, भगर आणि बारीक कणी, घरी डबे भरताना यांची गल्लत होते आणि शिव्या दुकानाला बसतात. वजन नेहमी निव्वळ मालाचं द्या. पिशवी, खोका, बारदान यांचं वजन मालात धरायचं नाही, सुकामेवा आणि मिठाईच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

जुना माल पुढे, नवा मागे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण घाईच्या दिवशी नवं पोतं समोर पडलेलं असतं आणि त्यातूनच माल जातो. जून ते सप्टेंबर या दमट दिवसांत रवा, मैदा, बेसन, ज्वारीचं पीठ यांचा साठा आठवड्यापुरताच ठेवा. सुटं धान्य देताना मूठभर हातावर घेऊन बघा: सोंडे, जाळं, अळी, कुबट वास. शेंगदाणा आणि खोबऱ्याचा एक तुकडा रोज स्वतः चाखा. खवटपणा डोळ्यांना दिसत नाही.

> तपासा: पाकीटबंद मालावर वापरण्याची मुदत किती उरली आहे? महिन्याच्या यादीत जाणारी वस्तू घरात महिनाभर राहणार असते. आठ दिवस उरलेलं पाकीट नियमाने विकता येईलही, पण यादीत ते घालू नका.

## टप्पा ४: जो माल नाही त्याचं काय

न विचारता दुसरा ब्रँड घालणं ही सगळ्यांत महागात पडणारी सवय. तुम्हाला वाटतं, गिऱ्हाइकाची खेप वाचवली. त्याला वाटतं, न खपलेला माल गळ्यात मारला. वस्तू नसेल तर पिशवी बांधण्याआधी फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: काय नाही, कधी येईल, त्याऐवजी काय आहे आणि कितीला. निर्णय त्यांचा. फोन उचलला नाही तर ती वस्तू वगळा आणि बिलावर "उद्या देतो" लिहा. लिहिलं की दिलं पाहिजे.

सणावाराचा माल संपणं मात्र गिऱ्हाईक माफ करत नाही, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. तारखा वर्षभर आधी माहीत असतात. आषाढी एकादशीपासून श्रावण संपेपर्यंत साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे. दिवाळीआधी भाजणीचं सामान, पातळ पोहे, रवा, हरभरा डाळ, डाळं, खसखस. संक्रांतीला तीळ आणि चिक्कीचा गूळ. मार्च-एप्रिलमध्ये मसाल्याच्या मिरच्या, धने, खडा मसाला आणि पापडाची उडीद डाळ. घरवहीतून गेल्या वर्षी कोणत्या घराने किती नेलं ते काढा आणि दिवाळीच्या पंधरा-वीस दिवस आधी फोन करून यंदाचा अंदाज विचारा. तुमची खरेदीही नेमकी होते.

## टप्पा ५: पोहोचवणं

दहा मिनिटांत माल देणाऱ्या ॲपशी वेगात स्पर्धा करू नका. महिन्याच्या पंचवीस किलोंच्या यादीला दहा मिनिटांची गरज नसते. तिला सांगितलेल्या वेळेची गरज असते. दिवसाचे दोन किंवा तीन ठरलेले फेरे ठेवा, उदाहरणार्थ सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी सहा ते आठ, आणि त्याबाहेर वचन देऊ नका. उशीर होणार हे कळल्याबरोबर फोन जायला हवा. वेळ उलटून गेल्यावर केलेला फोन गिऱ्हाइकाला बहाण्यासारखाच वाटतो.

दारात मुलाने पिशवी टेकवून पळायचं नाही. बिल देऊन "मोजून घेता का?" असं विचारायचं. बहुतेक लोक नको म्हणतात, पण विचारलेलं लक्षात राहतं. घरात वयस्कर माणसं एकटी असतील तर त्यांनी सांगितल्यास तेलाचा डबा आणि तांदळाची पिशवी स्वयंपाकघरापर्यंत नेऊन द्यायची. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देऊ नका. मुलाजवळ सुटे द्या, नाहीतर दोन-तीन रुपये घरवहीत जमा लिहा आणि पुढच्या बिलात वळते करा. यूपीआयने पैसे कापले गेले पण तुम्हाला आले नाहीत असं झालं तर दारात वाद नको. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक टिपून घ्या, माल ठेवून या, दोन दिवसांनी खातं बघा.

## टप्पा ६: तक्रार आली की

इथे घाई करू नका, आणि हा भाग कामगारांना मोठ्याने वाचून दाखवा. महिना चार हजारांची यादी देणारं घर वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांचा व्यवहार करतं. ते घर शे-दीडशे रुपयांच्या डाळीवरून तुटतं, आणि तुटतं ते डाळ खराब निघाल्यामुळे फार कमी वेळा. डाळ घेऊन आल्यावर काउंटरवर काय बोललं गेलं, त्यामुळे तुटतं.

क्रम असा:

एक, पूर्ण ऐका. मधे "कधी नेली होती?" नको. तो प्रश्न नंतर येणारच आहे, पण आधी विचारला की उलटतपासणी वाटते.

दोन, आधी बदलून द्या किंवा पैसे परत करा. कारण शोधण्याआधी. "काकू, ही ठेवा इथे, दुसरी देतो. पैसे हवेत की डाळ?" गिऱ्हाईक घरी असेल तर त्याला दुकानात बोलावू नका, मुलाला घ्यायला पाठवा. खराब माल परत आणण्यासाठी त्याने चालत यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तीन, मग विचारा. कधी उघडली, कुठे ठेवली, सगळी तशीच आहे का. सूर कारण शोधण्याचा असावा: "बाकीच्या पोत्यात आहे का बघायला हवं, म्हणून विचारतो."

चार, तक्रारवहीत लिहा. त्यांच्या समोर. पाकीटबंद माल असेल तर बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीखही.

पाच, फळीवरचा माल बघा. त्याच पोत्यातला, त्याच बॅचचा. खराब असेल तर लगेच उतरवा. घाऊक व्यापाऱ्याकडे किंवा वितरकाकडे परत करताना तक्रारवहीतली नोंद कामी येते.

सहा, ज्यांनी तक्रार केली नाही त्यांना फोन करा. ही पायरी जवळजवळ कोणी करत नाही. त्या पोत्यातला रवा आणखी सात घरांत गेला असेल तर बिलांवरून ती घरं काढा आणि स्वतःहून सांगा: "परवा दिलेल्या रव्यात एका ठिकाणी किडे निघाले. तुमचा बघून ठेवा, नाहीतर मी बदलूनच देतो." सातांतल्या चौघांचा रवा चांगला असेल. तरी त्या सातही घरांना कळतं की या दुकानात आपल्याआधी कोणीतरी काळजी करतंय. एका किलो रव्याच्या किमतीत एवढा विश्वास दुसरीकडे कुठे मिळत नाही.

सात, चार-पाच दिवसांनी विचारा. नवी डाळ नीट शिजली का, एवढंच.

आता छापील वाक्याबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत. म्हणून "परत घेतला जाणार नाही" हे वाक्य तुम्हाला वाचवत नाही, उलट अडचणीत आणतं. त्याजागी छापा: "माल खराब निघाल्यास बिलासह कळवा, बदलून देऊ." गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं. त्याला तिथे फोन करावासा वाटू नये, एवढं आपल्या हातात आहे.

काही तक्रारींत माल चांगला असतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, कारण तो पाणी कमी शोषतो. जुनी तूरडाळ, किंवा बोअरच्या जड पाण्यात शिजवलेली डाळ, लवकर शिजत नाही. अशा वेळी "तुम्हाला करता आला नाही" असा अर्थ निघेल असं काही बोलू नका. माल बदलून द्या आणि सोबत सांगा: "हा नवा तांदूळ आहे, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घालून बघा, नाहीतर जुना देतो." हिवाळ्यात नवा तांदूळ यायला लागला की हे विकतानाच सांगायला सुरुवात करा. तक्रार जन्मालाच येत नाही.

> सावधान: खाऊन कोणी आजारी पडल्याचं सांगितलं तर बदलून देऊन विषय मिटवू नका. आधी तब्येतीची चौकशी करा, ते पाकीट आणि बिल जपून ठेवा, त्या बॅचची विक्री ताबडतोब थांबवा आणि वितरकाला लेखी कळवा.

खोटी तक्रार करणारी माणसंही असतात, पण दुकानदाराला वाटतं त्याच्या मानाने थोडी. ती ओळखायला तक्रारवही पुरते. एकाच घराची तीन महिन्यांत पाचवी नोंद दिसली तर मालकाने स्वतः, एकांतात, शांतपणे बोलावं. तोवर प्रत्येक तक्रार खरी धरा.

## टप्पा ७: भाव आणि उधारी

भाव बदलला असेल तर बिलाआधी सांगा. तेल, डाळ, साखर यांचे भाव हलतात हे गिऱ्हाइकाला कळतं. बिलात अचानक दिसलेला फरक मात्र लपवल्यासारखा वाटतो. पाकिटावरच्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका, थंड बाटलीवर "कूलिंगचे" म्हणूनही नाही.

कराचे दर बदलले की प्रश्न येतातच. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तूप आणि लोण्यावरचा १२ वरून ५ वर. त्या वेळी जुन्या किमतीचा छापील माल फळीवर होता आणि रोज तोच प्रश्न होता. असा बदल आला की आपल्याकडच्या वस्तूंची जुनी आणि नवी किंमत कागदावर लिहून काउंटरवर लावा. कामगाराने "मला माहीत नाही, शेठना विचारा" म्हटलं की संशय वाढतो.

उधारीच्या दोन वह्या ठेवा, एक तुमची, एक गिऱ्हाइकाची. दर वेळी दोन्हीत लिहा, पेनाने. महिनाअखेरीला बाकी कळवा, मागणी म्हणून नव्हे तर हिशोब म्हणून: "दादा, या महिन्याची बाकी तीन हजार दोनशे झाली, एकदा वहीशी ताडून बघा." चारचौघांत बाकी मागू नका. मुलं पाव न्यायला आली असताना त्यांच्याजवळ निरोप तर मुळीच देऊ नका. त्या एका वाक्यापायी वीस वर्षांचं गिऱ्हाईक रस्ता बदलून जातं.

## टप्पा ८: कामगारांच्या हातात अधिकार

"शेठ आले की बघू" हे उत्तर गिऱ्हाइकाला दोनदा खेप घालायला लावतं. कामगाराला एक रक्कम ठरवून द्या, समजा दोनशे रुपये. तेवढ्यापर्यंतचा माल त्याने तुम्हाला न विचारता बदलून द्यायचा, फक्त तक्रारवहीत लिहायचं. त्याने चुकून जास्त उदारपणा केला तर गिऱ्हाइकासमोर रागवू नका. एकदा रागावलात की तो पुन्हा कधीच निर्णय घेणार नाही.

आणि पगाराबरोबर कामगाराला त्याचा दिवसही नीट द्या. सकाळी आठपासून उभा असलेला, जेवायलाही न बसलेला मुलगा रात्री नऊला हसून बोलेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. दुपारी आलटून पालटून तासभर सुटी द्या. काउंटरवरच्या बोलण्यात फरक दिसतो.

> तपासा: दर सोमवारी तक्रारवही सगळ्यांसमोर दहा मिनिटं वाचा. कोणाची चूक हे विचारू नका, कोणत्या टप्प्यावर झाली ते विचारा: यादी घेताना, भरताना, की पोहोचवताना. एकच टप्पा वारंवार येत असेल तर तिथली पद्धत बदला.

## टप्पा ९: आता सवलत

तीन महिने वरचं सगळं सुरळीत चाललं की मग. सरसकट सवलत देऊ नका, ती फिरत्या गिऱ्हाइकाला मिळते आणि थोड्या वेळाने सगळ्यांना हक्काची वाटते. घरवही उघडा आणि ज्या घराला जे लागतं ते द्या. इंद्रायणी नेणाऱ्या घराला नव्या हंगामाचा पाव किलो नमुना. उपवास करणाऱ्या घराला श्रावणात भगरीच्या भावात सूट. दिवाळीची यादी लवकर देणाऱ्यांना ठरलेला भाव, पुढे वाढला तरी तोच.

खर्चाची मर्यादा आधी ठरवा. किराण्यात बऱ्याच वस्तूंवर नफा इतका कमी असतो की दोन टक्क्यांची सूटही त्या वस्तूचा सगळा नफा खाऊ शकते. साखर आणि तेल यांवर सूट देण्याआधी खरेदीचं बिल समोर ठेवून आकडा मांडा.

मग पहिल्या टप्प्यातल्या खुणा पुन्हा बघा. मधल्या गटातल्या घरांपैकी किती घरांचं तेल आणि कणीक परत यादीत आली? ज्यांची आली त्यांच्या पानावर तारीख घाला. ज्यांची आली नाही त्यांना पुन्हा एकदा फोन करा, त्याच वस्तूचं नाव घेऊन. थांबलेल्या घरांकडे त्यानंतर वळा, आणि सुरुवात अशा घरापासून करा ज्यांची शेवटची नोंद तक्रारवहीत आहे. ते का गेले ते तिथे लिहिलेलं असतं.